सतारमेकर गल्लीत लाकडाची पारख

मिरज म्हटले की कोकणातल्या आपल्या घरांना आधी दवाखाना आठवतो. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे इस्पितळ उभारले. तेव्हापासून घाटाखालची कितीतरी माणसे ऑपरेशनसाठी, तपासणीसाठी मिरजेला जात आली. रत्नागिरीहून निघायचे, आंबा घाट चढायचा, मलकापूर, कोल्हापूर करत संध्याकाळपर्यंत मिरज गाठायचे. ज्यांचे दवाखान्यात काम नाही, ते मिरज जंक्शनवर गाडी बदलण्यापुरते उतरतात आणि पुढे जातात. गावात शिरून सतारमेकर गल्लीपर्यंत जाणारे थोडेच. ही गल्ली वाद्ये बनवणाऱ्या मुसलमान कारागिरांची आहे आणि लाकडाची खरी पारख शिकायची असेल तर पश्चिम महाराष्ट्रात याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे गेले ते माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात नोकरीला आहे. पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून त्याने पैसे बाजूला टाकले आणि स्वतःच्या पसंतीची इलेक्ट्रिक गिटार एका कारागिराकडून बनवून घ्यायचे ठरवले. मग लाकडाचा प्रश्न निघाला. कोणी म्हणे महोगनी हवे, कोणी म्हणे ॲश, कोणी म्हणे अमेरिकेतले मेपल मागवल्याशिवाय आवाज येणारच नाही. नुसत्या लाकडाच्या किमती ऐकून आमच्या आपाने डोक्याला हात लावला. "एवढ्या पैशात घराला नवा दरवाजा बसला असता," ती म्हणाली, "याला कुठल्यातरी जाणत्या माणसाकडे घेऊन जा." संगीताविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. आमच्याही घरात आहेत. पण कष्टाचे पैसे कशावर घालायचे, हा प्रश्न सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. म्हणून आम्ही मिरजेची एस.टी. धरली.

गल्ली शोधायला त्रास पडत नाही. हजरत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा विचारावा, तिथून कोणीही वाट दाखवतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा हा गवई आयुष्याच्या उत्तरार्धात मिरजेचा झाला. १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या स्मरणार्थ उरसाच्या वेळी दर्ग्यात गायन-वादनाची मैफल भरते आणि देशभरातले कलावंत तिथे हजेरी लावून जातात. वाद्ये बनवणारे आणि वाद्ये लावून गाणारे असे चार पावलांच्या अंतरावर राहिले, हे मिरजेचे वैशिष्ट्य आहे.

हा धंदा मिरजेत कसा आला, ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल बसला तशी हत्यारांची मागणी ओसरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे नवी वाद्येही घडवायला घेतली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, गवयांचे येणे-जाणे होते, त्यामुळे कामाला आश्रय मिळाला. पोलाद ओळखणारे हात लाकूड ओळखू लागले. आज त्या घरांची कितवी तरी पिढी त्याच गल्लीत रंधा मारते आहे.

आम्ही एका वयस्कर कारागिरांच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. छताला मोठमोठे भोपळे टांगलेले, भिंतीला टेकवलेल्या लांब दांड्या, जमिनीवर भुसा आणि सगळीकडे एक गोडसर वास. तो वास तुनीच्या लाकडाचा. सतार-तंबोऱ्याचे मुख्य लाकूड ते हेच. व्यापारी याला लाल सिडार म्हणतात, पण देवदाराशी त्याचे काही नाते नाही. तून आहे महोगनीच्या कुळातली आणि आपल्या अंगणातला कडुलिंबही त्याच कुळातला. हिमालयाच्या पायथ्याशी आणि सह्याद्रीच्या ओलसर दऱ्यांत हे झाड वाढते. लाकूड तांबूस, वजनाला हलके, पटाशीखाली सरळ चालणारे.

भोपळेही साधे नव्हेत. ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. चवीला कडू, खाण्याच्या उपयोगाचे नाहीत, पण साल जाड आणि आकार मोठा. वाळलेला भोपळा कापतात, पाण्यात भिजवून नरम करतात, आतला गर खरवडतात आणि आत काड्यांचा ताण देऊन हवा तो आकार येईपर्यंत सुकवतात. मग त्याला लाकडी गळा, गळ्याला पोकळ दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते. तारा घोडीवर टेकतात, घोडी तबलीवर उभी असते. तार हलली की घोडी हलते, घोडीबरोबर तबली आणि तबलीबरोबर भोपळ्यातली हवा. तंबोऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो असा. म्हणून तबलीचे लाकूड निवडताना कारागीर सगळ्यात जास्त वेळ घेतो.

चाचांनी आम्हाला पारख करून दाखवली. त्यांनी दोन फळ्या घेतल्या, दिसायला जुळ्या. एक फळी टोकापासून साधारण पाचव्या हिश्श्यावर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत लोंबती धरली आणि मधोमध बोटाच्या पेराने टकटक केले. बारीक, लांबणारा नाद आला. दुसरी तशीच धरली, तर आवाज ठप्प. "ही अजून ओली आहे," ते म्हणाले, "नाहीतर आत कुठे तडा आहे. डोळ्याला दिसणार नाही, कानाला कळतं." फळी धरण्याची ती जागा त्यांना वडिलांनी दाखवली होती. पदार्थविज्ञानही तेच सांगते. मोकळी पट्टी वाजते तेव्हा दोन्ही टोकांपासून सुमारे २२ टक्क्यांवर ती जवळजवळ स्थिर असते. तिथे धरले तर आवाज दबत नाही, दुसरीकडे कुठेही धरले तर आपलेच बोट आवाज गिळते.

मग त्यांनी रेषा दाखवल्या. फळीच्या टोकाकडून पाहायचे. तिथे झाडाच्या वर्षांच्या रेषा दिसतात. त्या फळीच्या सपाट बाजूला उभ्या, काटकोनात असतील तर फळी पावसाळ्यात कमी वाकते. आडव्या असतील तर ती नावेसारखी वळण्याचा धोका. लांबीच्या दिशेने रेषा सरळ हव्यात, मध्येच बाजूला पळणाऱ्या नकोत. गाठ तर नकोच, कारण गाठीपाशी लाकूड सगळ्या दिशांना ओढते. कीड लागल्याची बारीक भोके आणि त्यातून पडणारी भुकटीही तपासून घ्यायची.

इथपर्यंत सगळे ऐकून भाच्याने आपली यादी काढली आणि कोणते लाकूड सर्वांत सुरेल, असे विचारले. चाचा थोडा वेळ गप्प राहिले. "बिजलीच्या गिटारचं काम मी केलेलं नाही, बेटा. तू मला आधी सांग, तिचा आवाज निघतो कुठून?"

भाच्याने समजावून सांगितले. गिटारच्या तारा पोलादी असतात. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. ती वायरीतून ॲम्प्लिफायरकडे जाते आणि तिथून स्पीकरमध्ये.

"म्हणजे तबली नाही, भोपळा नाही, आत हवा नाही."

"नाही, चाचा. भरीव फळी असते."

"मग तुझं लाकूड गात नाही बेटा, ते धरून ठेवतं. माझ्या वाद्यात लाकूड गातं. दोन्हींची पारख एक कशी होईल?"

घरातली महिनाभराची चर्चा या दोन वाक्यांत निकालात निघाली. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये बॉडीच्या लाकडाचा आवाजावर परिणाम अजिबातच नसतो असे नाही. पण पिकअप, त्याची तारांपासूनची उंची, तारांची जाडी आणि ॲम्प्लिफायर यांच्यापुढे तो फार लहान ठरतो. १९५० नंतर फेंडर कंपनीने आपल्या गिटार आधी ॲशच्या आणि पुढे बहुतांशी अल्डरच्या लाकडात केल्या. १९५२ मध्ये आलेल्या गिब्सनच्या लेस पॉलमध्ये महोगनीवर मेपलचा थर होता. त्या वाद्यांवर वाजलेली गाणी जगभर पोहोचली आणि तीच लाकडे उत्तम असा समज रुजला. अल्डर मुळात निवडले गेले ते सहज मिळणारे, हलके आणि रंग चांगला घेणारे होते म्हणून.

मग लाकडाला महत्त्व कुठे? दांडीत. सहा तारांची मिळून ओढ साधारण ४५ किलो भरते आणि ती रात्रंदिवस दांडीला पुढे वाकवत असते. तिचा विरोध करायला दांडीत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई घालतात. तरीही लाकूड मऊ, ओले किंवा वाकड्या रेषांचे असेल तर सळई कुठवर पुरणार? शिवाय दांडी स्वतः थरथरते. तिचे थरथरणे एखाद्या पडद्यावरच्या स्वराशी जुळले तर तो स्वर लवकर विझतो, शेजारचा मात्र लांबतो. त्यामुळे दांडीसाठी कडक, सरळ रेषांचे, नीट वाळलेले लाकूड हवे. बॉडीसाठी बघायचे ते वजन, सांध्याची मजबुती आणि दिसणे.

चाचांच्या ओट्यावर बसून आम्ही वजनांचा हिशोब मांडला. एक घनमीटर तून सुमारे ४५० ते ५०० किलो भरते. अल्डरही त्याच घरातले. कोकणात आपल्याकडे मिळणारे शिवणीचे लाकूड जवळपास तेवढेच, आणि शिवण एकदा वाळली की फारशी हलत नाही. महोगनी साधारण ६००, साग ६५०, कडक मेपल ७०० आणि शिसव ८०० च्या वर. गिटारची बॉडी जेमतेम पावणेदोन इंच जाडीची असते. अल्डरची बॉडी दोन किलोच्या आसपास भरते, तीच शिसवाची केली तर साडेतीन किलोंवर जाईल. शिवाय दांडी आणि लोखंडी सामान. असे वाद्य गळ्यात अडकवून तासभर उभे राहिले की खांदा बोलू लागतो. भाच्याच्या यादीत अख्ख्या शिसवाची बॉडी पहिल्या क्रमांकावर होती. ती तिथेच खोडली गेली.

सागाचे काय, हे मीच विचारले, कारण आपल्या जुन्या घरांच्या तुळया आणि चौकटी सागाच्या असतात. साग टिकाऊ आणि मुरलेला, त्याबद्दल शंका नाही. पण त्यात तेल असते. सांधा चिकटवण्याआधी ती जागा ताजी तासून आणि पुसून घ्यावी लागते, नाहीतर सरस धरत नाही. शिवाय हत्यारांची धार तो लवकर खातो आणि जुन्या तुळईत एखादा खिळा लपलेला असला तर रंध्याचे पाते गेलेच म्हणून समजा. फणसाचेही असेच. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते, तेव्हा हे लाकूड वाद्याला परके नाही. पिवळे, देखणे आणि वयाबरोबर गडद होत जाणारे. मात्र तेही पूर्ण वाळायला हवे.

वाळण्यावर चाचांनी सगळ्यात जास्त भर दिला. लाकूड लांबीला फारसे वाढत-घटत नाही, रुंदीला वाढते-घटते. मिरजेची हवा कोरडी. तिथे बसलेला सांधा कोकणातल्या जुलैत फुगतो आणि कोकणात घाईने बसवलेला सांधा घाटावर गेला की उघडतो. सुतारांचा जुना हिशोब असा की एक इंच जाडीला एक वर्ष सावलीत. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून रचायच्या, वारा खेळू द्यायचा, टोकांना रंग किंवा मेण लावायचे, म्हणजे टोके आधी सुकून तडे जात नाहीत. घरी तपासायचे असेल तर फळीचे वजन दर आठवड्याला लिहून ठेवावे. वजन उतरायचे थांबले की त्या जागेच्या हवेपुरती फळी वाळली. "लाकडाला घाई केली," चाचा म्हणाले, "की ते नंतर आपला वेळ खातं."

बोटे फिरतात त्या पट्टीला, म्हणजे फ्रेटबोर्डला, शिसव हवाच, हे भाच्याचे मत मात्र चाचांनी उचलून धरले. तंबोऱ्याच्या खुंट्याही ते शिसवाच्याच करतात. कडक, झिजत नाही आणि खुंटी पिळली की जागेवर बसते. जगभरच्या गिटारवर दिसणारी ती काळपट तपकिरी पट्टी कितीदा तरी आपल्या दक्षिणेकडच्या जंगलातल्या शिसवाचीच असते. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद आहे. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या सगळ्या भाऊबंदांवर आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी परवान्याचे बंधन आले आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आपला शिसवही आज धोक्यातल्या झाडांत गणला जातो. म्हणून तो घ्यायचा तर परवानाधारक वखारीतून, पावती आणि वाहतुकीचा परवाना पाहूनच घ्यावा. पट्टीला लागते ते अर्ध्या इंचाहून कमी जाडीचे, हातभराहून थोड्या जास्त लांबीचे लाकूड. तेवढ्यासाठी कोणाच्या चोरट्या तोडीला हातभार लावायची गरज नाही. हलाल कमाईच्या पैशांनी घेतलेली वस्तूही सरळ मार्गानेच घरात यावी.

चहा घेताना गल्लीच्या हालहवालाचे बोलणे निघाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसऱ्या गावचे वाद्य मिरजेच्या नावाने विकता येत नाही. याचा अभिमान चाचांच्या बोलण्यात होता. पण इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग तो मोबाइलमध्येही शिरला आणि रियाजासाठी खरा तंबोरा घेणारे कमी झाले. चांगली तून पूर्वीसारखी सहज मिळत नाही. एक वाद्य हातातून सुटायला आठवडे जातात आणि तेवढी मजुरी द्यायला सगळे तयार नसतात. त्यांचा एक मुलगा गल्लीतच काम करतो, दुसरा सांगलीत नोकरीला लागला. "नोकरी वाईट नाही," ते म्हणाले, "महिन्याला पगार येतो. पण कान तयार व्हायला दहा वर्षं लागतात. ते दहा वर्षं आता कोण देणार?"

शेवटी त्यांनी आम्हाला जवारी दाखवली. तयार तंबोऱ्याची घोडी कानशीने अगदी हलकी घासायची, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. तारेखाली सुताचा धागा किंचित सरकवला की आवाज एकदम उमलतो. सगळे लाकूड, भोपळा, वर्षांची वाळवण या एका क्षणासाठी असते. एक फटका जास्त बसला तर घोडी गेली. भाचा इतका वेळ मोबाइलवर टिपून घेत होता, तो मोबाइल खाली ठेवून ऐकत राहिला.

परतीच्या एस.टी.त त्याने नवा हिशोब केला. बॉडी शिवणीची, आपल्याच तालुक्याच्या वखारीतून. दांडीसाठी तीन उभ्या पट्ट्या जोडायच्या, म्हणजे एकीचा वाक दुसरी अडवते. पट्टी शिसवाची, पावतीसह. परदेशी मेपलचे वाचलेले पैसे चांगल्या पिकअपवर आणि कारागिराच्या मजुरीवर. आणि फळ्या एक पावसाळा घरात ठेवून, वजन नोंदवून मगच काम सुरू करायचे. आपाला हे फोनवर सांगितले तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले, "दरवाजाचे पैसे उरतात का?" थोडे उरत होते.

मिरजेला दवाखान्याच्या कामाने जाणे झाले तर वाचकांनी दोन तास हाताशी ठेवावेत. दर्ग्यात फातिहा पढून गल्लीत शिरावे. जुम्म्याच्या दुपारी काम थांबलेले असते, ती वेळ टाळावी. कारागीर बोलतात, दाखवतात, मुलांच्या हातात फळी देऊन वाजवायला लावतात. फक्त जवारी लावत असतील तेव्हा उंबऱ्यावर थांबावे आणि त्यांनी मान वर केल्यावर सलाम करावा.